तिसऱ्या पायरीवरचे विजेते



हॉकी म्हटलं की आपल्यापुढे ध्यानचंद उभे राहतात. नेदरलँड्समध्येही हॉकी म्हणजे मैदानावरचीच. रबरी चकतीमागे धावणारी बर्फावरची हॉकी तिथे सावत्रच राहिली. नवल वाटेल, कारण कालवे गोठले की हाच देश लहानथोरांसकट स्केट्स बांधून बाहेर पडतो. पण कालवे दर वर्षी गोठत नाहीत. अकरा गावांची ती दोनशे किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही! हॉकीला लागतो यंत्रानं गोठवलेला बर्फ, वर छप्पर आणि वीजबिल भरणारा कुणीतरी.

टिलबर्ग हे दक्षिणेतल्या ब्राबांट प्रांतातलं, एके काळचं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. १९३८ साली तिथे कृत्रिम बर्फाची रिंक झाली आणि क्लबही निघाला. आजचा टिलबर्ग ट्रॅपर्स तो हाच. पुढे महायुद्ध आलं. युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू झाला खरा, पण १९५० नंतर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच दीडेक दशक बंद पडली. क्लबांच्या इतिहासात हे मधलं पान कोरंच असतं.

बहर आला सत्तरच्या दशकात. १९७१ ते १९७६, ओळीनं सहा वर्षं ट्रॅपर्स राष्ट्रीय विजेते. मग उत्तरेच्या हेरेनफेननं ओळीनं सात विजेतेपदं घेऊन त्यांच्यावर कडी केली. हेरेनफेनचा पुरस्कर्ता कोण, तर घरं गरम ठेवण्याची यंत्रणा बसवणारी कंपनी! तिथे पुरस्कर्ता बदलला की संघाचं नावही बदलतं, त्यामुळे जुने निकाल वाचताना पुरती तारांबळ उडते.

या सुबत्तेमागे कॅनडा होता. युद्धानंतर हजारो डच कुटुंबं तिकडे स्थलांतरित झाली. त्यांची मुलं तिथे हॉकी शिकली आणि आईवडिलांच्या देशाकडून खेळायला आली. त्यांच्या बळावर नेदरलँड्स १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला पोचलं. पोलंडला ५-३ असं हरवलं, जपानशी बरोबरी केली, आणि सोव्हिएत संघाकडून १७-४ असा सणसणीत मार खाल्ला.

नंतर देशातली लीग रोडावली. तेच चार-पाच संघ, तेच सामने. २०१५ मध्ये ट्रॅपर्सनी सरळ सीमा ओलांडली आणि जर्मनीच्या ओबरलीगात, म्हणजे तिथल्या तिसऱ्या श्रेणीत, नाव घातलं. तिथल्या संघांच्या गावांपैकी एसेन, हेर्ने, डुईसबुर्ग तशी जवळच; हाले आणि लाइपझिग मात्र चांगलीच लांब. मागे राहिलेल्या डच क्लबांनी बेल्जियमशी मिळून संयुक्त लीग काढली.

आणि काय झालं? २०१६, २०१७, २०१८, तिन्ही वर्षं ओबरलीगाचे विजेते ट्रॅपर्स! पण परदेशी क्लबाला वरच्या श्रेणीत प्रवेश नव्हता. २०१७ मध्ये अंतिम फेरीत हरलेला बाड ट्योल्झचा संघ वर गेला, २०१८ मध्ये हरलेला डेगेनडॉर्फचा. करंडक टिलबर्गला, बढती हरणाऱ्याला.

काही जण म्हणतात, ट्रॅपर्सनी देशाची लीग वाऱ्यावर सोडली. मला हे पटत नाही. तिसऱ्या श्रेणीतल्या जर्मन संघाशी दर आठवड्याला झुंजून डच पोरगा जे शिकतो, ते घरच्या दुबळ्या संघांना दहा-दहा गोलांनी हरवून शिकणार नाही. आक्षेप घ्यायचाच तर त्या बढतीच्या नियमावर घ्या. ट्रॅपर्सनी जर्मनांना विचारावंच: तुमच्या स्पर्धेत आम्ही चालतो, तुम्हाला आमची तिकीटविक्री चालते, मग जिना चढायची वेळ आली की आम्ही परके कसे?