वाऱ्याचा डोळा

मंडळी, 'विंडो' हा इंग्रजी शब्द आता खेड्यापाड्यांतही कोणाला नवा नाही. एस.टी.त चढलेले पोरसुद्धा विंडो सीट मागते. शाळेत मात्र तो स्पेलिंगपुरता उरतो. दहादा घोकले की संपले. पण एखाद्याने विचारले, "गुरुजी, शेवटी डब्ल्यू कशाला?" तर त्याला गप्प बसवू नका. प्रश्न रास्त आहे.

विंडो हा मुळात जोडशब्द. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत 'विंदर' म्हणजे वारा, 'औगा' म्हणजे डोळा. मिळून 'विंदौगा', वाऱ्याचा डोळा. इंग्रजांच्या तोंडी 'औगा'तला ग झिजून व झाला. तोच तो शेवटचा डब्ल्यू! त्या लोकांच्या लांबट घरांत मधोमध आगटी असे आणि काच नसे. धूर जायला, उजेड यायला एक भोक. आपल्याकडे माळवदाला साणे असते ना, तसेच समजा.

हे लोक इंग्लंडात पाहुणे म्हणून गेले नव्हते, बरं का. ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला, ८६५ साली मोठी फौज उतरवली. पुढे मात्र उत्तरेला आणि पूर्वेला त्यांनी जमिनी धरल्या, नांगर धरला, सोयरिकी केल्या. इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता, त्याचा अर्थ 'डोळ्याचे भोक'. तो मेला. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच वळणाचा 'फेनेस्टर' आला. तोही सोळाव्या शतकापर्यंतच चालला. दरबारचा शब्द गेला आणि बांधाशेजारचा राहिला, हे मला मोठे नवल वाटते.

आता कोणी म्हणेल, आपलाही 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळाच, तेव्हा इंग्रजांनी तो आपल्याकडूनच उचलला. तसे नव्हे. कल्पना दोन्हीकडे आपापली सुचली. नाते आहे ते सुट्या शब्दांत: 'विंड' आणि आपला 'वात', 'आय' आणि आपला 'अक्षि' हे एकाच प्राचीन मूळ भाषेतून निघालेले चुलतभाऊ. कोणी कोणाचा बाप नाही.

आणि डोळाच हवा असेही नाही. गोव्यात खिडकीला 'जनेल' म्हणतात. तो पोर्तुगीजांचा शब्द. त्याच्या पोटात लॅटिनमधले दार आहे, लहानसे दार.