सुंभाची दोरी

कोलकात्यात पानटपरीच्या खांबाला सुंभाची दोरी टांगलेली दिसते. टोक धुमसत असतं. सुटी सिगारेट घ्यायची, टोकाला लावून पेटवायची; काडेपेटी हवी कशाला? मग मातीच्या भांड्यातला चहा. झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, म्हणून चहाशी जडलेली ही सवय तीस-तीस वर्षं सुटत नाही. आजची आयटीसी ही सिगारेट कंपनी याच शहरात १९१० साली इम्पीरियल टोबॅको म्हणून सुरू झाली. सत्यजित राय यांच्या कथांमधला गुप्तहेर फेलूदाही चारमिनार सिगारेट ओढायचा! २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत बंगालमधल्या पुरुषांपैकी तिघांत जवळपास एक जण धूम्रपान करणारा निघाला. महाराष्ट्रात शंभरात साधारण सहा. हुरळून जाऊ नका. आपली तंबाखू तळहातावर चुन्याबरोबर मळली जाते, नाहीतर मिश्री होऊन हिरड्यांना लागते.