बेंचवरचे सात जण

आज कोडिंग नाही, बास्केटबॉल.

मी हिंजवडीत नोकरी करतो, पण शनिवारी बारामतीला घरी आलो की जिथे बीटेक केलं त्या कॉलेजच्या कोर्टवर चक्कर असतेच. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण पुढे आमचीच अब्रू निघणार आहे. तर मागे तिथले सर म्हणाले, "इंटरकॉलेजला बारा पोरं न्यायचीत. पहिले पाच ठरलेत. बेंचवरचे सात तुझ्या लॅपटॉपला विचार की."

आता साधा हिशोब बघा. मॅच ४० मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. पहिल्या पाचांना प्रत्येकी ३६ दिली की १८० तिथेच संपली. उरलेली २० सात जणांत. माणशी तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत.

आमच्या वेळी हेच चालायचं. मी १३ नंबर, कायम बेंचवर, पाण्याच्या बाटल्यांचा राखणदार. थर्ड इयरला एका मॅचमध्ये शेवटच्या क्वार्टरला आमच्या सेंटरचा पाचवा फाऊल झाला. पाचवा म्हणजे बाहेर, परत येणं नाही. आम्ही सात पॉइंटने पुढे होतो. मला उठवलं. पूर्ण सीझनमध्ये अटीतटीच्या वेळी मी एकदाही उतरलो नव्हतो. पहिलाच पास हातात आला, डोकं बंद पडलं, बॉल न टप्पवता तीन पावलं टाकली. ट्रॅव्हलिंग. पुढचं सांगत नाही, मॅच गेली. परतीच्या गाडीत मला कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून सरांचं काम हातात घेतलं तेव्हा स्कोअरशीटवरचे पॉइंट आधी बाजूला ठेवले. वीसने पुढे असताना शेवटच्या चार मिनिटांत कुणीही आठ पॉइंट मारतो हो. मी एवढंच लिहीत गेलो: पोरगा आत आला तेव्हा स्कोअर काय, बाहेर गेला तेव्हा काय, आणि तेव्हा समोरचे मेन प्लेयर खेळत होते का. यालाच प्लस-मायनस म्हणतात, एनबीएच्या स्कोअरकार्डवर असतो. पण जपून. चार-पाच मॅचमध्ये एक नशिबाचा थ्री-पॉइंटर आकडा फिरवतो.

बास्केटबॉल बघत नसाल तर कबड्डी आठवा. डिसेंबर २०२२ ची प्रो कबड्डी फायनल. पुणेरी पलटणचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दोघंही दुखापतीमुळे बाहेर, आणि पलटण जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. चारच पॉइंट! बेंच अगदीच पोकळ नव्हता, पण फायनलला तेवढाच कमी पडला. पुढच्याच सीझनला, १ मार्च २०२४ ला, त्यांनी हरियाणाला २८-२५ ने हरवून कप नेला. त्या दिवशी सगळ्यात जास्त, नऊ पॉइंट पंकज मोहितेचे. भार एकाच खांद्यावर नव्हता.

परत कोर्टवर येऊ. माझ्या शीटमध्ये सगळ्यात वाईट आकडा ११ नंबरचा, म्हणजे राखीव पॉइंट गार्डचा. तो आत आला की बॉल हातचा जायचा. ९ नंबर मात्र एकदम चकाचक. मी यादी करून टाकली होती, ११ कट. मग एका शनिवारी सहा वाजता बघितलं, पाच-पाचची मॅच सुरू होणार तेवढ्यात ११ नंबर बूट काढतोय. विचारलं तर म्हणे, "दादा, निमगाव केतकीची गाडी आहे. ही चुकली तर पुढचीचा भरवसा नाही." रोज ड्रिल करायचा आणि खरी मॅच सुरू झाली की स्टँडकडे पळायचा. मेन चौघांबरोबर तो कधी खेळलाच नव्हता! ते कुठे धावणार हे त्याला माहीत नाही, मग पास जाणार कुठे? माझ्या शीटमध्ये गाडीच्या टायमाचा कॉलमच नव्हता.

सरांना म्हटलं, क्रम उलटा करा. आधी मॅच, मग ड्रिल. त्यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग ऐकलं. तीन आठवडे झाले. ११ नंबरकडून बॉल अजून जातो, पण कमी. मागच्या शनिवारी मेन गार्डला मुद्दाम बसवलं, तर दहा मिनिटांत टीमची आघाडी एकाच पॉइंटने घटली. मला तेवढं पुरे. ९ नंबरचे पॉइंट तपासले तर जवळपास सगळे निकाल लागल्यानंतरचे निघाले. टाइट मॅचमध्ये तो डिफेन्सला परत येतच नाही.

बाराव्या जागेसाठी आता हे दोघंच उरलेत. मी ११ लिहिलं. सरांनी यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं. मग ९ नंबरला कोण सांगणार?"

शनिवारी मी सांगणार आहे. शीट दाखवणार नाही, १३ नंबरची ती मॅच सांगेन. आणि सहाच्या आधी, कारण तोपण त्याच गाडीने जातो.