टेस्टर पेटला नाही, म्हणून...

मी वायरमनचं काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एका घरी दिव्याचा होल्डर बदलायचा होता. बटण बंद केलं, लाकडी स्टुलावर चढलो, तारेला टेस्टर लावला. पेटलेला दिसला नाही. निर्धास्तपणे तार धरली, दुसरा हात आधाराला ओलसर भिंतीवर ठेवला आणि दुसऱ्याच क्षणी जमिनीवर आलो. मिस्त्रींनी उठवून बसवलं. मग एवढंच विचारलं, "हा टेस्टर आधी चालू लायनीवर लावून पाहिला होतास का?"

पाहिला नव्हता. पुढे उलगडा झाला. त्या घरात बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसवलेलं होतं. त्यामुळे बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज होतीच. टेस्टरचा दिवा पेटतो तो आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर. कोरड्या लाकडी स्टुलावर तो मंद झाला आणि खिडकीतल्या उन्हात मला दिसलाच नाही.

टेस्टरची आणखी एक खोड आहे. न्यूट्रलची तार तुटली, की सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटू शकतो. माणूस म्हणतो, वीज तर भरपूर आहे, मग मिक्सर का फिरत नाही? अशा वेळी उपयोगी पडतो मल्टिमीटर.

ब्रिटनच्या टपाल खात्यातले अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांना निरनिराळे मीटर बरोबर वागवण्याचा कंटाळा आला. त्यातून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारं एकच उपकरण 1923 साली बाजारात आलं. या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं 'अ‍ॅव्हो'. आजचा अंकी मल्टिमीटर त्याच घराण्यातला.

व्होल्ट मोजताना काळी तार 'कॉम' लिहिलेल्या भोकात आणि लाल तार व्होल्टच्या भोकात घालावी. चकती एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवावी. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे 230 व्होल्ट दिसले पाहिजेत. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मात्र शून्याच्या आसपास. फेज-अर्थ 230 आणि फेज-न्यूट्रल काहीच नाही, असं दिसलं तर न्यूट्रल तुटल्याचा संशय घ्यावा.

अँपिअर मोजण्याची रीत निराळी. नळाला पाण्याचा मीटर बसवताना पाइप कापून मध्ये बसवतात, तसा इथे मीटर मंडलात एकसर जोडावा लागतो. लाल तार अँपिअरच्या भोकात विसरली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली, तर थेट शॉर्टसर्किट होतं. फ्यूज उडतो, नाहीतर मीटर हातातच फुटतो. म्हणून घरच्या विजेवर अँपिअर मोजण्याच्या फंदात नवख्यानं पडू नये. ओहम मोजताना, किंवा बझर लावून तार तुटली आहे का हे पाहताना, मेन स्विच बंदच हवा.

आणि मीटरनं शून्य दाखवलं तर? लगेच विश्वास ठेवू नका. सेल उतरलेला असेल, मीटरची तार आतून तुटलेली असेल, चकती चुकीच्या जागी असेल. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर मीटर लावा, मग ज्या तारेवर काम करायचं तिच्यावर, आणि पुन्हा त्याच सॉकेटवर. दोन्ही वेळा 230 आणि मध्ये शून्य आलं, तरच ते शून्य खरं.

या सगळ्याला मिनिटभर पुरतं. मिस्त्रींच्या त्या प्रश्नानंतर ते मिनिट मी कधी वाचवलेलं नाही. तुम्हीही वाचवू नका.