‘ठीक’ म्हणजे किती? : स्वागताध्यक्षीय भाषण



स्वागतसमितीच्या वतीने आपणां सर्वांचे पुण्यनगरीत मी मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या नगरीत एकाच रस्त्यावर पोथ्या जुळवणारे पंडित आणि लेथवर लोखंड कातणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदत आले, तिथे संशोधन आणि व्यवहार यांच्या सर्व क्षेत्रांत गुणवत्तेची पातळी कशी राखावी या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण जमावे, हे मला अत्यंत उचित वाटते. आणि ज्याचे आयुष्य यंत्रशाळेत गेले अशा माणसाला आपण हा मान दिलात, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे.

या मंडपात वैद्यकातली मंडळी आहेत, स्थापत्यातली आहेत, इतिहास आणि भाषा यांचे अभ्यासक आहेत, बी-बियाण्यांची परीक्षा करणारे शेतकी-शास्त्रज्ञ आहेत. शस्त्रक्रिया आणि पाठनिश्चिती, पूल आणि वंशावळ यांना एकच माप कसे लावणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि तो रास्त आहे. परंतु आमच्या जुन्या दफ्तरांत एक शब्द आहे, तो मला या प्रश्नापाशी नेहमी आठवतो. तो शब्द म्हणजे ‘रुजू’. एकाने लिहिलेले दुसऱ्याने ताडून पाहिले, ताळा जमला, म्हणजे कागद रुजू झाला. पत्राच्या अखेरीस मोर्तब उठवावयाचे, ते मागाहून कोणाला एक ओळही घुसडता येऊ नये म्हणून. कारकून प्रामाणिक आहे की नाही याची चर्चा त्या पद्धतीने केलीच नाही. त्याचे लिहिणे दुसऱ्याच्या हाती तपासण्याजोगे ठेवले, आणि त्यायोगे प्रामाणिक कारकुनाचीही अब्रू राखली. माझ्या अल्पमतीप्रमाणे सर्व क्षेत्रांतल्या गुणवत्तेचे मूळ इथे आहे. आपल्या मागून येणाऱ्याला आपली चूक सापडू शकेल अशा रीतीने जो काम करून ठेवतो, त्याचेच काम उच्च प्रतीचे.

हे मला कोणत्या ग्रंथातून उमगले नाही. पदविका घेऊन मी एका कारखान्यात तपासनीस म्हणून रुजू झालो, त्या वेळची गोष्ट. पंपासाठी लागणारे दोनशे बुश रात्रपाळीत कातून झाले होते, आणि भोकाचा व्यास आराखड्याप्रमाणे शतांश मिलिमीटरच्या दोन घरांत आहे की नाही, हे बोअर गेजने पाहून प्रत्येकासमोर आकडा लिहावयाचा होता. पहिल्या दहा-बारा बुशांचे आकडे मी लिहिले. सगळे मापात होते. पुढे गेज घालून काटा नुसता पाहिला, आणखी पुढे तोही पाहिला नाही, आणि कागदाच्या तळापर्यंत ‘ठीक, ठीक, ठीक’ असे लिहीत गेलो. सकाळी आमच्या खात्याचे वयोवृद्ध मिस्त्री आले, चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी तो कागद वाचला, आणि मला विचारले, “साहेब, ठीक म्हणजे किती?” मला उत्तर देता आले नाही, आणि माल तोवर गाडीत चढला होता.

तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचे पत्र आले, की काही बुशांत दांडा आवळतो आहे. कातताना हत्यार झिजते, आणि जसजसे ते झिजते तसतसे भोक लहान होत जाते, ही लेथवरच्या पोरालाही ठाऊक असलेली बाब; माझ्या कागदावर आकडे असते तर कितव्या बुशापासून भोक आवळू लागले हे बसल्या जागी कळले असते, आणि तेवढेच परत मागवावे लागले असते. ‘ठीक’ या शब्दाला उतरंड नसते. दोनशेच्या दोनशे बुश परत आले. मिस्त्रींनी दोन दिवस बसून ते एकेक करून मोजले, आकडा सांगितला आणि माझ्या हातून लिहवून घेतला. रागाचा एक शब्द ते बोलले नाहीत. साधारण दीडशेच्या सुमारास आकडे हळूहळू खाली येऊ लागले, तेव्हा त्यांनी फक्त बोट ठेवून ती जागा मला दाखवली. ते बोट मला अद्याप दिसते.

आता आपल्याच किनाऱ्यावरची एक मोठी गोष्ट सांगतो. मुंबईच्या कुलाब्याला १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा स्थापन केली, आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. काटा पाहावयाचा आणि आकडा लिहावयाचा, दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष. याहून निरस काम कल्पनेत आणणे कठीण. २ सप्टेंबर १८५९ रोजी तो काटा असा काही हलू लागला, की तसा पूर्वी कधी हलला नव्हता. सूर्यावरच्या एका प्रचंड उद्रेकाचा तो परिणाम होता. आदल्या दिवशी इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यबिंबावर तो लखलखाट पाहिला होता. कुलाब्याच्या निरीक्षकाला यांतले काही कळण्याचा संभव नव्हता. ‘काटा फार अस्वस्थ आहे’ एवढा शेरा मारून तो मोकळा झाला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने उलट नोंदींमधले अंतर कमी केले आणि आकड्यामागून आकडा लिहीत गेला. १४४ वर्षांनी, २००३ साली, त्या महावादळाची तीव्रता ठरवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याचे ते कागद काढले, आणि त्यांतून सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी क्षितिजसमांतर बलाची घट वाचली. उपग्रह आणि विजेची जाळी यांच्यावर असे वादळ पुन्हा आले तर काय ओढवेल, याचा आज विचार करणारे लोक त्या निरीक्षकाच्या हस्ताक्षरापाशी येतात. कृत्रिम उपग्रह हा शब्द त्याने ऐकलाही नव्हता.

याच वेधशाळेची पुढची हकीकत मला तितकीच पूज्य वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटू लागले. वीज वाहू लागली की चुंबकीय काट्यांवर तिचा परिणाम होणार हे उघड होते. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. पन्नास-साठ वर्षांची अखंड नोंद गढूळ होऊ द्यावयाची, की ट्राम अडवून धरावयाची, असा पेच होता, आणि त्यांतून निघालेला मार्ग असा, की शहराने ट्राम चालवावी आणि चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागेस न्यावी. अलिबागेस अचुंबकीय सामग्री वेचून इमारत उभारली. परंतु मूस यांनी उपकरणे उचलून नेली आणि दुसऱ्या दिवशी तिथून आकडे देण्यास आरंभ केला, असे झाले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, दोहोंतला फरक निश्चित केला, आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा शास्त्राचा धागा एका ठिकाणाहून सोडून दुसऱ्या ठिकाणी बिनगाठीचा जोडला गेलेला होता. दोन वर्षांचा दुप्पट खर्च! आजच्या एखाद्या मंजुरीच्या बैठकीत ही बाब मांडली, तर तिच्यापुढे ‘पुनरुक्ती, सबब नामंजूर’ असा शेरा पडण्याची मला धास्ती वाटते, आणि या परिषदेने एवढा एक शेरा पुढे कधी पडू नये अशी व्यवस्था केली तरी तिचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

विज्ञानाचे हे झाले. आकडे तिथे हाताशी असतात. जिथे आकडे नाहीत तिथे काय, याचे उत्तर या मंडपापासून फार दूर नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. १९२३ साली विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती छापून संस्थेने ती देशोदेशींच्या पंडितांकडे धाडली, त्यांची टीका मागवली, आणि त्यानंतर कार्यपद्धती नव्याने बांधली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला भाषाशास्त्राची पदवी घेतलेला हा पुरुष. त्याच्या हाताखाली पोथ्या जुळवण्याचे काम कसे चाले ते पाहावे. चौकटी आखलेल्या मोठ्या तावावर वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर असा लिहावयाचा, आणि खाली काश्मिरी, बंगाली, तेलुगू, मल्याळी अशा एकेका पोथीचा पाठभेद ज्या त्या अक्षराखाली भरावयाचा. अशा १२५९ हस्तलिखितांचा धांडोळा त्या कामी घेतला गेला.

एवढे करूनही जिथे शंका उरली तिथे सुखटणकरांनी काय केले? छापील श्लोकातल्या त्या शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली. त्या रेघेचा अर्थ असा, की हा पाठ मी पुराव्यानिशी स्वीकारला आहे, तथापि माझी खात्री पूर्ण नाही. वाचकाने तळटीप पाहून आपला निर्णय करावा. विद्वत्तेच्या शिखरावर उभ्या असलेल्या माणसाने आपल्या संशयाची जागा बोट ठेवून दाखवावी, याहून मोठी विनयशीलता मला ठाऊक नाही, आणि आमच्या मिस्त्रींचे बोट मला त्या रेघेत दिसते.

याच आवृत्तीत, व्यासांनी सांगितले आणि गणेशाने लिहून घेतले, ही आबालवृद्धांना प्रिय असलेली कथा आदिपर्वाच्या मुख्य संहितेत नाही. हस्तलिखितांचा पुरावा तिच्या बाजूने पुरेसा नव्हता, म्हणून ती परिशिष्टात गेली. ज्या पुण्यात भाद्रपदात घराघरांत आणि चौकाचौकांत गणपती बसतो, त्या पुण्यात बसून हा निर्णय घेणे किती जड गेले असेल, याचा विचार करावा. श्रद्धेचा अवमान त्यांत तिळमात्र नव्हता. कथा अक्षरशः जपली, आणि तिची खरी जागा दाखवली. पुढे आदिपर्व प्रसिद्ध झाल्यावर नेपाळातून त्या पर्वाची एक अतिशय प्राचीन पोथी उपलब्ध झाली. आपला ग्रंथ छापून झाला, आता कशाला उकरून काढावे, असे न म्हणता सुखटणकरांनी स्वतः ती पोथी आपल्या संहितेशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिने बहुतांशी त्यांच्याच निर्णयांना दुजोरा दिला. नसता दिला, तरी ते निष्कर्ष तितक्याच तत्परतेने छापले गेले असते, याविषयी मला संदेह नाही. ज्याने आधीच नागमोडी रेघा ओढून ठेवल्या त्याला झाकण्याजोगे काही उरत नाही.

वैद्यकातल्या मित्रांसाठी मुंबईतल्या परळचे एक स्मरण. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे सर्वश्रुत आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ लोकांना लस टोचली गेली, आणि एकाच बाटलीतून टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मरण पावले. ठपका लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांचे पद गेले. परंतु बाटल्यांना क्रमांक होते, कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले ते टिपलेले होते, आणि गावात बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला, तो नीट निर्जंतुक न करता वापरला, ही साक्षही कागदावर होती. त्या नोंदींच्या बळावर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली हाफकिन यांची बाजू जगापुढे मांडली आणि त्यांना निर्दोषत्व लाभले. मनाला लागते ते हे, की ती साक्ष इतकी वर्षे सरकारी दफ्तरात होती आणि एक थोर माणूस तोवर कलंक वाहत होता. नोंद करणाऱ्यांनी आपले काम चोख केले. ती उघडून वाचण्याचे कर्तव्य ज्यांचे होते त्यांनी ते वेळेवर केले नाही. म्हणून माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे, की या तीन दिवसांत काम करणाऱ्यांसाठी जितके नियम कराल तितकेच चौकशी करणाऱ्यांसाठीही करावेत.

आज स्थिती कशी आहे, हे मी आपणांस सांगावयास नको. पदोन्नतीच्या तक्त्यात निबंधांची संख्या भरावी लागते, तेव्हा निबंध संख्येसाठी लिहिले जातात, आणि द्रव्य घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके त्यांना मिळतात. कारखान्यांतून प्रमाणपत्रे चौकटीत बसवून भिंतीवर लावलेली असतात, आणि त्यांच्या खालच्या टेबलावरील वहीत पुन्हा तेच: ठीक, ठीक, ठीक. तरुण संशोधकांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर ‘किती?’ असे विचारणारा मिस्त्री कोणी उभा केला नाही, हा आम्हां वडीलधाऱ्यांचा अपराध आहे, आणि तो मला फार बोचतो.

असो. रिवाजाप्रमाणे स्वागताध्यक्षाने पाहुण्यांना विनवावयाचे असते, की व्यवस्थेत काही उणे राहिल्यास ते गोड मानून घ्यावे. मी तशी विनवणी करीत नाही. परिषदेच्या कार्यालयाबाहेर डाव्या हातास एक वही दोरीने बांधून ठेवली आहे. निवासात, भोजनात, वेळापत्रकात जे उणे आढळेल ते तारीख, वेळ आणि खोलीचा क्रमांक घालून तीत लिहावे. स्वयंसेवक दर दोन तासांनी ती वाचतील, काय केले ते समोर लिहितील, आणि तिसऱ्या दिवशी ती वही जशीच्या तशी पुढील वर्षीच्या स्वागतसमितीच्या स्वाधीन केली जाईल.

आपले पुनश्च एकवार स्वागत करून, परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत अशी मी अध्यक्षमहोदयांना नम्र विनंती करतो.