‘छत्रपती’ या पदाचा अर्थ
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवाची पालखी निघाली की तिच्यावर छत्र धरतात. बाजूला अब्दागिरी असते, चवऱ्या ढाळल्या जातात. ही सारी राजचिन्हे होत. देव हा राजा, म्हणून त्याच्यावर छत्र. ज्योतिबाला तर लोक ‘दख्खनचा राजा’च म्हणतात. ‘छत्रपती’ हा शब्दही या छत्रावरूनच आला. आज तो रस्त्यांच्या, शाळांच्या आणि मंडळांच्या पाट्यांवर इतका दिसतो की, तो नावाचाच एक भाग वाटू लागतो. वास्तविक ते पद आहे.

जुन्या राजांची बिरुदे अश्वपती, गजपती, नरपती अशी असत. घोडे, हत्ती, माणसे यांच्या बळावरून ती पडली. छत्र हे मात्र हत्यार नव्हे. ते सावलीचे साधन. छत्रपती म्हणजे छत्राचा धनी, ज्याच्यावर दुसरा धनी नाही असा राजा. आणि ज्याच्या आसऱ्याला रयतेने निर्धास्त यावे, असाही.

सतराव्या शतकात मराठा सरदारांना पदव्यांची वाण नव्हती. पण त्या शाही दरबारातून मिळत. जावळीच्या मोऱ्यांना आदिलशाहीचा ‘चंद्रराव’ हा किताब होता. गादीवर येणारा प्रत्येक पुरुष चंद्ररावच म्हणवला जाई. शिवाजी महाराजांनाही औरंगजेबाने १६६८ साली ‘राजा’ हा किताब दिला. परंतु देणारा तो काढूनही घेऊ शकतो. महाराजांजवळ किल्ले होते, फौज होती, आरमार होते. तरी विजापूरच्या लेखी ते एका सरदाराचे बंडखोर पुत्रच. त्यांनी दिलेल्या इनामामागे, केलेल्या निवाड्यामागे राजाचा अधिकार आहे काय, असे कोणीही विचारू शकत होता.

त्याचे उत्तर रायगडावर मिळाले. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांच्या हस्ते महाराजांना राज्याभिषेक झाला, मस्तकावर छत्र धरले गेले. हे पद कोणा बादशहाने दिलेले नव्हते. त्या दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. बाजारहाट करणाऱ्या गरीब माणसाच्या मुठीतही ते पद पोचले.

पुढे संभाजी महाराजांचा अभिषेक १६८१ साली झाला, शाहू महाराजांचा १७०८ साली साताऱ्यास. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या मान्य झाल्या. पेशव्यांच्या हाती सारी सत्ता आली, तरी पेशवाईची वस्त्रे छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. पेशव्याच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग आपले, आणि आपल्यापुढे ‘मुख्य प्रधान’ एवढेच.

पदाची खरी कसोटी मात्र पडत्या काळात लागली. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आरोप ठेवला. दोष कबूल असल्याचे लिहून द्या, गादी राहील, असे त्यांना सांगण्यात आले. महाराजांनी सही केली नाही. गादी गेली, काशीस जावे लागले आणि तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले. खोटी कबुली देऊन राखलेली गादी ही पुन्हा कोणाची तरी देणगीच ठरली असती. मग छत्रपती या शब्दाला अर्थ तो काय उरला असता?

मंडळी, देऊळ नवे झाले. आता पालखीच्या वेळी छत्राचा मान कोणत्या घराण्याचा, यावरून गावोगाव वाद होतात. छत्र धरणारा स्वतः उन्हातच चालतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ वाद मिटतील. पद मोठे ते त्याच्या सावलीने. ती सावली कोणाकोणावर पडते, हे ज्याने त्याने पाहावे.