कोळ्याचा डोळा आणि आपल्या मुलांची नजर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आज मी कोळ्याविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहींना हसू येईल. घरात कोळी दिसला की आपण झाडू शोधतो. पण झाडू उचलण्यापूर्वी घटकाभर थांबा. मी जाळे विणून बसणाऱ्या कोळ्याबद्दल बोलत नाही. भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर एक लहानसा कोळी तुरुतुरु चालतो, मध्येच थांबतो आणि माशीवर अचूक उडी घेतो. त्याच्याजवळ बोट नेले, तर तो वळून आपल्याकडे चक्क बघतो! उडी मारणारा हा कोळी आपली शिकार डोळ्यांनी शोधतो.

त्याला आठ डोळे असतात. समोरचे दोन मोठे डोळे बारकावे टिपतात, बाकीचे सहा आजूबाजूची हालचाल हेरतात. मोठ्या डोळ्याची रचना तर फार मजेची आहे. त्याचे भिंग डोक्याच्या कठीण कवचातच घट्ट बसवलेले असते, त्यामुळे ते आपल्या बुबुळासारखे फिरू शकत नाही. मग इकडेतिकडे पाहायचे कसे? भिंगाच्या मागे एक लांबट नळी असते आणि नळीच्या टोकाला दृष्टिपटल असते. सहा स्नायू ही नळी आतल्या आत हलवतात. बाहेरून डोळा स्थिर, पण आतून नजर फिरती!

आता खरी अडचण पाहा. कोळ्याचे कवच वाढत नाही. शरीर वाढले की ते अपुरे पडते, म्हणून लहानाचा मोठा होईपर्यंत त्याला अनेकदा कात टाकावी लागते. त्या आधी तो रेशमाची छोटी खोली विणून आत जाऊन बसतो. मग जुन्या कवचाचा वरचा भाग झाकणासारखा उघडतो आणि त्यातून तो पाय सोडवून घेतो. भिंग कवचाचाच भाग असल्यामुळे कातीबरोबर भिंगाचे जुने आवरणही निघून जाते. त्याच्या खाली पेशींनी नवे, मोठे भिंग आधीच तयार करत आणलेले असते. म्हणजे प्रत्येक कात टाकताना या प्राण्याला जणू नवा चष्मा मिळतो.

मग विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न असा की, इवल्याशा पिलाला मोठ्या कोळ्यापेक्षा कमी दिसत असेल का? पिलालाही स्वतःच शिकार करायची असते, आई त्याला भरवत बसत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी तेथील फिडिप्पस ऑडॅक्स या कोळ्याचा अभ्यास करून २०१९ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. मोठ्या डोळ्यांच्या शेजारी जी डोळ्यांची जोडी असते, तिच्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्यांनी मोजल्या. प्रौढ कोळ्यात त्या सुमारे ८,००० भरल्या, आणि पिलातही तेवढ्याच! पिलाच्या चिमुकल्या डोळ्यात त्या दाटीवाटीने बसवलेल्या होत्या. पुढे वाढ होते तसतशा नव्या पेशींची भर पडत नाही. आहेत त्याच पेशी मोठ्या होतात.

याचा अर्थ, पिलू मोठ्याइतकेच बारीक पाहू शकते आणि त्याच्या नजरेचा आवाकाही जवळपास तेवढाच असतो. उणीव एकच राहते. लहान भिंगातून उजेड कमी येतो आणि लहान पेशी तो कमी टिपतात. म्हणून पिलाला पाहण्यासाठी उजेड जास्त लागतो. पालकहो, हे वाक्य कृपया लक्षात ठेवा : पिलाजवळ सामग्री पूर्ण असते, त्याला हवा असतो तो उजेड.

आता आपल्या मुलांकडे येऊ. जन्मतः मुलाच्या डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते, ती मोठेपणी सुमारे २४ होते. डोळा प्रमाणाबाहेर लांबला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. हातातले पुस्तक नीट दिसते, पण फळा धूसर होतो. कोळ्याला कात टाकल्यावर नवे भिंग मिळते. आपले मूल कात टाकत नाही. त्याचे भिंग आपण चष्म्याच्या दुकानातूनच आणून द्यावयाचे असते.

मी हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. सहावीत असताना मी मागच्या बाकावर बसत असे. फळ्यावरचे गणित दिसत नसल्याने मी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेई आणि त्यासाठी छड्या खाई. सर्वांनाच असे धूसर दिसते, अशी माझी समजूत होती, म्हणून तक्रार केली नाही. घरी 'याचे डोके चालत नाही' हे ठरून गेले होते. एकदा बाजारात मामूंनी समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली, तेव्हा उलगडा झाला. डोके चालत होते, डोळा पोहोचत नव्हता.

मुलींच्या बाबतीत आपण याहून मोठी चूक करतो. 'चष्मा लागला तर लग्न कसे जमेल?' या धास्तीने कितीतरी आया मुलीची तपासणीच टाळतात. मुलगी मग फळ्यापासून, आणि हळूहळू शाळेपासूनच, दूर जाते. चष्म्याने कोणाचे रूप जात नाही. शिक्षण मात्र चष्म्यावाचून जाऊ शकते.

उजेडाची गोष्टही इथे लागू पडते. चीनमधील ग्वांगजौ शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेण्याचा प्रयोग झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली. ज्यांना असे नेले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. तेव्हा मुलांना दिवसाउजेडी खेळू द्या. तो वेळ वाया जात नाही.

माता-पित्यांना माझी विनंती एवढीच. मूल अभ्यासात मागे पडले, तर त्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्या, आणि मुलगा-मुलगी असा भेद करू नका. विद्यार्थी मित्रांनो, फळा दिसत नसेल तर लाजू नका, उठून सांगा. आणि उद्या भिंतीवर तो छोटा कोळी दिसला, तर झाडू खाली ठेवून त्याच्याकडे क्षणभर बघा. तोही तुमच्याकडे बघत असेल.